मोठ्या आवाजाचं बिऱ्हाड

ज्ञानूचं बिऱ्हाड आमच्या मागच्या दोन खोल्यांत आलं, ते टेम्पोच्या आधी आवाजाने आलं. मे महिना होता. मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. टेम्पो वळणावर दिसायच्या आतच ऐकू आलं, "डाव्या अंगाला घे की! डाव्या! आरं गटारीत घालतोस का काय गाडी?" मी आत बायकोला हाक मारली, "अंबू, बाहेर ये गं, कुणाचीतरी जुंपलीय." जुंपली वगैरे काही नव्हती. टेम्पोच्या हौद्यात कॉट, कपाट, शिलाई मशीन आणि लाल चटणीचे दोन डबे यांच्या मधोमध एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता आणि ड्रायव्हरला अगदी प्रेमाने रस्ता दाखवत होता. तोच ज्ञानू.

मला पाहून तो हौद्यातूनच ओरडला, "रामराम पावणं! गणपतराव तुमीच न्हवं?"

मीच. एसटीत कंडक्टर होतो, आता पेन्शन खातो. बेळगाव म्हणा, कोल्हापूर म्हणा, त्या गाड्यांवर माझ्या आवाजाला मान होता. शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस माझ्या नुसत्या 'तिकीट' म्हणण्याने उठून बसायचा. पण ज्ञानूपुढे मी म्हणजे बालवाडीतलं पोर.

आमच्या चंदगडला माणूस स्वखुशीने येत नाही, हे मी बसच्या दारात उभं राहून पाहिलेलं आहे. बदली झालेले सरकारी नोकर तोंड पाडून उतरायचे आणि आधी परतीची गाडी कधी आहे ते विचारायचे. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, आणि काडेपेटीतली काडी पेटेल तर शपथ. आणि हा माणूस बायको, आई, पोरगी आणि शिलाई मशीन घेऊन आपल्या पायांनी आला होता. मला राहवेना. मी सरळ विचारलं, "का हो, असा काय गुन्हा केलात?"

तो खो खो हसला आणि कॉट उतरवता उतरवता त्याने सगळी हकीकत सांगून टाकली. कबनूरला तो यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग पुन्हा ताळ्यावर आणणारा माणूस. मालकाने जुने माग भंगारात घातले आणि शेड गोदामाला दिली. इकडे आमच्या तालुक्यातल्या एका काजूच्या कारखान्याला यंत्रं आणि बॉयलर सांभाळणारा माणूस हवा होता. ज्ञानू कुणा पाहुण्याबरोबर सहज म्हणून आला, बंद पडलेलं काजूबी फोडायचं यंत्र त्याने उभ्या उभ्या चालू केलं, आणि नोकरी घेऊनच परत गेला. त्याच्या बायकोला, पूर्णिमाला, तिथेच गर सोलायच्या खात्यात काम मिळालं. तिकडे पत्र्याच्या एका खोलीला जे भाडं जायचं तेवढ्यात इथे दोन खोल्या, स्वतंत्र मोरी आणि परसात लिंबाचं झाड. शिवाय माझ्या गप्पा फुकट.

"पर एक सांगून ठेवतो मामा," ज्ञानू म्हणाला. पावण्याचा मामा व्हायला त्याला अर्धा तास पुरला होता. "यो पावसाळा हितं काढून बगायचा. आईला मानवलं तर ऱ्हायाचं, न्हायतर माघारी. आईला टाकून मी कुटंबी ऱ्हाणार न्हाय. मग नोकरी सोन्याची असू दे."

आई म्हणजे धोंडुबाई. त्या पुढच्या सीटवरून नातीचा हात धरून उतरल्या. काटक बाई, नऊवारी लुगडं, हातापायाला कुठे म्हातारपण नाही. मी त्यांना चंदगडची माहिती देत होतो तोवर त्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. इतकं मन लावून माझं बोलणं आमच्या घरात कुणी ऐकत नाही. मला बाई फार आवडल्या.

आठवडा गेला नसेल, तोच गल्लीत बोभाटा झाला की गणपतरावांचे भाडेकरू भांडकुदळ आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ मागून आरडाओरडा. एके दिवशी तो इतका चढला की अंबू म्हणाली, "जा हो, सोडवा. उद्या काही झालं तर घरमालक म्हणून तुमचंच नाव येईल." मी हाताशी असावी म्हणून छत्री घेतली आणि मागे गेलो.

चौघं जण ताटं घेऊन बसली होती. धोंडुबाई ओरडत होत्या, "आमटीत मीठ कमी हाय!" पूर्णिमा तितक्याच जोरात, "तुमीच म्हणला की, कमी घाल!" ज्ञानू दोघींच्या वरताण, "झ्याक झालीया, जेवा की गुमान!" आणि चौथीत जाणारी तेजस्वी भात मागत होती, ते बहुधा एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असावं. सगळ्यांचे चेहरे अगदी खुशीत. मला छत्रीसकट दारात पाहून ज्ञानू म्हणाला, "या की मामा, टायमाला आलासा! बसा जेवाय!" मी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि जेवून आलो. आमटीत मीठ खरंच कमी होतं.

मग त्याने मला समजावून सांगितलं. शेडमध्ये सगळे माग एकदम चालू झाले की आपण मारलेली हाक आपल्याच कानाला लागत नाही. तिथे बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. "आमच्याकडं मागनं हाक मारायची पद्धतच न्हाय मामा. म्होरं जाऊन हुबं ऱ्हायाचं, आपलं तोंड दावायचं, मग बोलायचं." त्यांची खोली शेडच्या भिंतीला भिंत लावून होती. धोंडुबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या भिंतीला पाठ लावून कांड्या भरत आल्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. ज्ञानू कौतुकाने म्हणाला, "रातच्याला लाईट गेली न्हवं, की भिंतीची थरथर थांबायची अन् आई दचकून उठायची. थरथर असल्याबिगर तिला झोपच न्हाय."

पावसाळा लागला आणि हे बिऱ्हाड गल्लीत मुरलं. निदान तिघं तरी मुरली. ज्ञानूने कुणाची पाण्याची मोटर, कुणाचा कुकर, गिरणीचा पट्टा, असं न बोलावता दुरुस्त करायचा सपाटा लावला. आमचा मिक्सर चांगला चालत होता, तोही त्याने खोलून पुन्हा बसवला आणि वर म्हणाला, "आता बगा कसा पळतोय." पैसे घेत नसे, पण जेवायला बसा म्हटलं तर एकदाच म्हणावं लागे. पूर्णिमा कारखान्यातल्या बायकांबरोबर रेनकोट घालून हसत जायची, हसत यायची. परसात तिने मिरची आणि कोथिंबीर लावली, पावसाने ती कुजवली, तिने पुन्हा लावली. तेजस्वीच्या बाईंनी जूनमध्ये तक्रार केली होती की ही मुलगी उत्तर देत नाही, घोषणा देते. श्रावण येईतो तीच तेजस्वी आमच्या गल्लीतल्या पोरींसारखी कानात कुजबुजायला शिकली.

धोंडुबाईंचं मात्र बिनसलं. आमच्याकडच्या बायका हळू बोलतात आणि बोलता बोलता तोंडाला पदर लावतात, ती त्यांची लहानपणापासूनची सवय. त्यांनी रस्त्यावरून "ओ आजी, येताय का?" म्हणून हाका मारल्या, धोंडुबाई ढिम्म हलल्या नाहीत. असं दोनचारदा झालं आणि बायकांनी ठरवून टाकलं की बाई मानी आहे, भाव खाते. नागपंचमीच्या गाण्यांना अंबू त्यांना हाताला धरून घेऊन गेली, तर त्या मधूनच उठून आल्या. माझ्यापाशी येऊन तणतणल्या, "हितल्या बायका तोंड झाकून बोलत्यात. माणसं हायती का चोर?"

मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. दाराच्या चौकटीत बसायच्या, तोंड रस्त्याकडे. जेवण कमी झालं. ज्ञानूने गडहिंग्लजच्या बाजारातून त्यांना आवडतं म्हणून भडंग आणलं, राजगिऱ्याचे लाडू आणले, ते डब्यात तसेच मऊ पडले. तो माझ्याकडे येऊन बसायचा आणि त्याच्या मानाने हळू आवाजात म्हणायचा, "आई झुरतीया मामा. काय बोलत न्हाय, पर झुरतीया."

एके दिवशी शेजारच्यांची म्हैस दावं तोडून आमच्या परसात उधळली. धोंडुबाई दगडावर कपडे धूत होत्या, पाठ म्हशीकडे. इकडून मी, तिकडून शेजारी, सगळे बोंबललो. माझा एसटीचा आवाज मी कितीतरी दिवसांनी बाहेर काढला. त्या आपल्या लुगडं घासतायत. अंबू धावली आणि तिने त्यांना दंडाला धरून ओढलं म्हणून निभावलं. म्हैस त्या दगडावरून धुण्यासकट पार गेली.

संध्याकाळी अंबू मला म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. अजिबात नाही."

"काहीतरीच काय," मी म्हणालो. "माझ्याशी तासन्‌तास बोलतात त्या."

"त्या कुठे बोलतात? तुम्हीच बोलता. आणि चांगलं तोंड उघडून बोलता, म्हणून त्यांना कळतं."

मला पटायला वेळ लागला आणि पटल्यावर राग आला. राग ज्ञानूचा. एवढा मोठा मेकॅनिक, दुसऱ्याचे चांगले मिक्सर खोलून बघतो आणि घरातलं हे त्याला कळू नये? तो कामावरून आला तसा मी त्याला परसातच गाठला.

"ज्ञानू, तुझ्या आईला ऐकू येत नाही."

"डोकं फिरलंय काय मामा? जल्मापास्नं बोलतोय मी तिच्यासंगं!"

"बोलतोस, पण कसा? समोर उभा राहून. पाठीमागून कधी हाक मारलीस तिला?"

तो चिडला. तोंड लाल झालं. तरातरा घराकडे गेला. धोंडुबाई पाठमोऱ्या बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. तो त्यांच्या मागे चार हातांवर थांबला.

"आये," तो म्हणाला.

मग जरा मोठ्याने, "आये!"

मग त्याने शेडमधला आवाज काढला. लिंबावरचे कावळे उडाले, तीन घरांतल्या बायका दारात आल्या. धोंडुबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढचा शोधायला लागल्या.

ज्ञानू वळसा घालून त्यांच्या पुढे गेला. त्यांनी वर पाहिलं आणि त्या हसल्या. "कवा आलास? भूक लागली असंल न्हवं?" तो तिथेच जमिनीवर बसला आणि सुपातले तांदूळ निवडू लागला. त्या संध्याकाळी मागच्या खोल्यांतून आवाज म्हणून आला नाही. एरवी मी त्या आवाजाला नावं ठेवायचो, पण ती शांतता माझ्याच्याने सोसवेना.

त्याने आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मागांच्या आवाजाने नसा गेल्यात, त्याला फार वर्षं झाली, आता कानात यंत्र बसवून नुसता गोंगाट कळेल, शब्द कळायचे नाहीत. ज्ञानू परत आला तो सरळ माझ्या ओसरीवर.

"चूक माजी हाय मामा. तिकडं समदीच तिच्यासारखी. तोंड बगून बोलणारी, हातानं बोलणारी. तिकडं तिला काय कमी न्हवतं. म्या तिला हितं आणली अन् बहिरी केली."

मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आलो.

त्याने परत जायचं ठरवलं. कबनूरच्या एका मालकाला फोन केला, दुसऱ्या एका शेडमध्ये रातपाळी मिळत होती. गणपती झाले की निघायचं. कारखान्यात सोमवारी सांगणार होता. पूर्णिमा अंबूपाशी येऊन रडून गेली. सासूबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही, नुसतं एवढंच म्हणाली की तेजस्वी हितं लै रमलीया वो. अंबू मला म्हणाली, तुम्ही बोला ज्ञानूशी. मी काय बोलणार? आई हवी की नोकरी, असं विचारलं तर तो काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि त्याने तसंच म्हणावं असंही मला वाटत होतं. माणूस त्यासाठीच तर आवडला होता.

रविवारची सकाळ. कारखान्याला सुट्टी. पाऊस जरा उघडला होता. मी मागच्या पायरीवर दात घासत होतो. लिंबाखाली ज्ञानू आणि पूर्णिमा उभी होती आणि पलीकडे घराच्या दारात धोंडुबाई तेजस्वीची वेणी घालत बसल्या होत्या. ज्ञानू हळू बोलत होता. म्हणजे मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, पण त्याने खूप प्रयत्न केला होता हे खरं.

"आईला आत्ता काय सांगू नगंस. निगायच्या दिशी सांगू."

"पोरीची शाळा?"

"तिकडं बी शाळा हायती की."

"तुमास्नी जायाचं हाय का? खरं सांगा."

"मला न्हाय जायाचं. पर आईचं काय? ती हितं एकटी पडली गं."

आणि मग माझ्या ध्यानात आलं, आणि तोंडात फेस असताना मला हसू आलं. ही दोघं ऐकू न येणाऱ्या बाईपासून बोलणं लपवायला आवाज खाली आणून बोलत होती. जन्म कबनूरला काढलेली माणसं, पण एवढं सुचलं नाही. तोंडं दोघांचीही तिच्याकडे होती, सकाळच्या चांगल्या उजेडात. धोंडुबाईंचे हात वेणीवर थांबले होते. डोळे एकदा ह्याच्या ओठांवर, एकदा तिच्या.

माझं हसू तिथेच थांबलं, कारण त्या उठल्या.

"मी न्हाय यायची कबनूरला!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. ज्ञानू धावत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "आये, तुला हितं करमत न्हाय—"

"कुणी सांगितलं? म्या सांगितलं? व्हय, न्हाय करमत. ह्या बायका पदरामागनं बोलत्यात, लै राग येतो. पर जायाचं कुणी काढलं?"

"हितं तुला ऐकाय—"

"तुला आत्ता कळलं व्हय रं? तू साळंत जायाचास तवाच गेल्यात माजं कान. तुज्या बाला म्हाईत हुतं. कांड्या मिळायच्या बंद हुतील म्हणून कुणाला बोललो न्हाय आमी."

"मला तरी सांगायचं आये!"

"तुला काय सांगू? तुजंबी निम्मं गेल्यात की."

ज्ञानूचा हात नकळत कानाकडे गेला.

"पूर्णिमा मागनं हाक मारती, तवा तू कुटं वळतोस? रोज बगती मी. तिचं तोंड हलतंय, अन् तुजं आपलं लक्ष दुसरीकडंच." ज्ञानूने बायकोकडे पाहिलं. पूर्णिमाने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. तिने त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

धोंडुबाईंनी अर्धी वेणी घातलेल्या तेजस्वीला दंडाला धरून पुढे ओढलं. "परवा हिची मैतरीण त्या कोपऱ्यावर हुती. तिनं हिला हाक मारली. तोंड कितीसं उगडलं असंल त्या पोरीनं? एवढंसं. अन् ही पाठमोरी हुती. पाठमोरी! अन् वळली. म्या डोळ्यानं बगितलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हाकंला वळणारं माणूस आपल्या घरात ही एकच ऱ्हायलीया. तिला त्या भिंतीला नेऊन निजवू नगंस, ज्ञानू. माजं गेलं. तुजं चाललंय. हिचं ऱ्हाऊ दे."

मी पायरीवर ब्रश धरून उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, उगाच खोटं कशाला सांगू? तेजस्वीला काहीच कळलं नव्हतं. ती एकदा आजीकडे, एकदा बापाकडे बघत सुटलेले केस हाताने धरून उभी होती.

ज्ञानूने आईकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मी कान टवकारले, पण शब्दसुद्धा ऐकू आला नाही. बराच वेळ तो तसाच आवाजाशिवाय बोलत होता, हाताने स्वतःच्या छातीकडे, मग पोरीकडे खूण करत. ते काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही आणि मी विचारलंही नाही; पण सोमवारी तो नेहमीसारखा कामावर गेला आणि परत जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

धोंडुबाईंनी सगळं नीट बघून घेतलं. मग पदराने त्याचं तोंड खसाखसा पुसलं आणि म्हणाल्या, "बरं तर. रडाय काय झालं? पोरीची येणी ऱ्हायलीया, सर बाजूला."